वडाचे धागे कोणी कापायचे

मला राग लवकर येतो, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. कॉलनीला ते कळलं वटपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, घंटागाडी दारात उभी असताना.

त्याआधीच्या हिवाळ्यात आमच्या कॉलनीच्या तोंडाशी, भोकरदन रोडवर, रस्ता रुंद करण्याचं काम निघालं होतं. त्यात कोपऱ्यावरचा जुना वड गेला. रस्ता चांगला झाला, मी त्याच रस्त्याने रोज ऑफिसला जाते, उगाच कशाला नावं ठेवू? पण वड पडला त्या दिवशी जो तो नाकाला रुमाल लावून, धूळ फार झाली एवढंच म्हणत होता. वड गेल्याचं बायकांच्या ध्यानात आलं ते थेट ज्येष्ठात. पूजा करायची कुठे? मग काय, बाजारात फांद्यांचे ढीग लागलेच होते. कुठला तरी दुसरा वड ओरबाडून आणलेले. घरोघरी एकेक फांदी आली, कुंडीत खोचली गेली, तिला सूत गुंडाळलं, हळदकुंकू वाहिलं, आंबे ठेवले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तीच फांदी घंटागाडीत.

गाडी अशी शिगोशीग हिरवी भरलेली मी पहिल्यांदाच पाहिली. शिळी भाजी, डायपर, आणि त्यावर वडाची पानं, अजून सुतात बांधलेली. मी दारातूनच ओरडायला लागले. ज्याच्यावर ओरडत होते त्या ड्रायव्हरचा बिचाऱ्याचा काहीच दोष नव्हता.

"म्याडम, मला कामून बोलून राह्यल्या?" तो म्हणाला. "मी थोडीच तोडला वड? मी तर फकस्त उचलून राह्यलो."

त्याचं म्हणणं बरोबर होतं, म्हणून मला आणखीच राग आला. तेवढ्यात माझ्या सासूबाई बाहेर आल्या.

सासूबाईंचं सांगायला हवं. त्यांचं सगळं आयुष्य धावड्याला शेतात गेलं. सासरे वारले तेव्हा आम्ही हट्टाने त्यांना जालन्याला घेऊन आलो. गावी दीर-जाऊ आहेत, घर आहे, त्यांना कोणी घालवलं नव्हतं. पण माझ्या नवऱ्याला वाटलं, आईने आता आराम करावा. त्यांना आराम म्हणजे शिक्षा वाटायची. फरशीवर बसून राहायच्या आणि दर चार दिवसांनी म्हणायच्या, "मला येष्टीत बसवून दे गं. इथं मातीला हात लागत न्हाई." मी विषय बदलायची. सासू घरात राहावी असं सुनेला मनापासून वाटतं, यावर लोकांचा विश्वास बसत नाही. पण घरात माझ्या रागाला हसणारी ती एकच व्यक्ती होती, आणि मला ती हवी होती.

तर त्या बाहेर आल्या, घंटागाडीत डोकावल्या आणि पदर खोचून त्यांनी आत हात घातला. ओढून काढला तो चांगला दंडाएवढा जाड, माणसाच्या उंचीचा फांदा.

"हा कोणाचा?"

हा कोणाचा ते विचारायची गरजच नव्हती. समोरच्या वहिनींचं सगळंच मोठं असतं. गणपती मोठा, फराळाचे डबे मोठे, आवाज मोठा. बाकीच्यांनी डहाळ्या आणल्या, तर वहिनींच्या मिस्टरांनी हा फांदा स्कूटरवर आडवा धरून आणला होता, शेंडा सगळा रस्ता झाडत.

"माझा आहे," वहिनी गेटातून म्हणाल्या. "पूजा झाली आजी, आता काय करायचं त्याचं?"

"काल देव होता ना ह्यो? आज कचरा कसा झाला?" सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "दे मला. वडाला बी लागत न्हाई का रोप लागत न्हाई. फांदा रोवला तरी वड होतो."

त्यांनी त्याची पानं काढली, खालचं टोक विळ्याने तिरपं छाटलं, चीक सुकेपर्यंत सावलीला आडवा ठेवला. वरच्या टोकाला शेणाचा गोळा थापून त्यावर माझ्या नवऱ्याच्या जुन्या बनियनची पट्टी बांधली. कॉलनीच्या मोकळ्या जागेत, जिथे लोक जुन्या बांधकामाचा राडारोडा टाकत, तिथे खड्डा खणून तो रोवला. आमच्या कॉलनीतली मुलं त्याला बरेच दिवस 'फेटेवाले आजोबा' म्हणायची.

"हे जगतं का बघते," सासूबाई म्हणाल्या, "मंग जाते गावाला."

श्रावणात त्या वाळक्या दिसणाऱ्या लाकडाच्या अंगातून लालसर टोकं बाहेर आली. मी ऑफिसातून आले तर सासूबाई दारातच उभ्या. हात धरून मला ओढतच तिकडे नेलं त्यांनी. एक चप्पल काढली होती, ती परत घालायचीही सवड दिली नाही. मी एका पायात चप्पल घालून गेले. त्या टोकांकडे बोट दाखवून त्या अशा हसत होत्या, की मला वाटलं, गावाचा विषय मिटला.

मिटला नव्हता, पुढे ढकलला गेला होता. पानं मोठी होऊ दे, मंग जाते. थंडी सरू दे, मंग जाते. उन्हाळ्यात तर जायचं नावच काढता येईना, कारण पाणी. जालन्यात नळाला पाणी कधी येईल हे पंचांगातही सापडत नाही. सासूबाई बादली घेऊन दारोदार फिरायच्या. "तांदूळ धुतलेलं पाणी सांडू नका, मी आले." सुरुवातीला लोकांना हसू यायचं. मग लोक पातेलं झाकून ठेवायला लागले. मग गेटवरूनच हाका यायला लागल्या, "आजी, पाणी!" मी वीस वर्षं त्या कॉलनीत राहून ज्यांची घरं पाहिली नव्हती, त्यांच्या स्वयंपाकघरात कोणता कुकर आहे ते सासूबाईंना माहीत झालं.

शेळ्यांचं एक प्रकरण झालं. कोपऱ्यावर ज्यांचं वेल्डिंगचं दुकान आहे, त्या चाचांच्या शेळ्या मोकळ्या फिरायच्या आणि त्यांना वडाचा पाला भलताच आवडायचा. सासूबाईंनी बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं आणि काठी घेऊन दुकानापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"तुमच्या शेळ्या बांधा भाऊ."

"आजी, जानवर हाय, त्याला काय समजतं?"

"म्हणून तर तुम्हाला सांगून राह्यले. तुम्हाला तर समजतं ना?"

चाचा हसले आणि बकऱ्या बांधल्या. त्या दिवसापासून दोघांची अशी काही दोस्ती जमली, की आमच्याकडे चहा झाला नाही तर चाचांच्या घरून यायचा.

वर्ष फिरून वटपौर्णिमा आली. वड आता माझ्या खांद्यापर्यंत पानांनी भरलेला होता. आजूबाजूच्या सगळ्या वस्तीत पूजेला उभा असलेला तो एवढाच वड. या वर्षी कोणी फांदी आणायची नाही, सगळ्यांनी आपल्या वडाला यायचं, असं वहिनींनी कॉलनीच्या ग्रुपवर टाकलं. मला केवढा आनंद झाला! वहिनींनी 'आपल्या' लिहिण्याआधी 'माझ्या पूजेच्या' असंही लिहिलं होतं, ते मी सोडून दिलं.

सकाळी मी लवकर जाऊन पाणी घातलं, सैलसं सूत गुंडाळलं आणि ऑफिसची तयारी करायला आले. बघते तर सासूबाई मागच्या खोलीत, दार लोटून.

"आत्या, आज तिकडे नाही जायचं? बायका येतील."

"म्हणूनच न्हाई जायचं," त्या म्हणाल्या. "आज सवाष्णींचा दिवस. माझं काय काम?"

"कोण मानतं हो आता असलं?"

"तू न्हाई मानत. पण एखादी मानत आसंल तर? तिच्या सणाला तिच्या मनाला चुटपूट कामून लावायची?"

मला वाद घालायचा होता, पण उशीर झाला होता. नवऱ्याचं आयुष्य वाढावं म्हणून मी वडाला सूत गुंडाळून आले होते आणि ज्या बाईने तो वड वाढवला ती दार लोटून बसली होती. दिवसभर माझं कामात लक्ष लागलं नाही.

संध्याकाळी ऑफिसातून आले ती थेट वडापाशी गेले. आमच्याच कॉलनीच्या नव्हे, पुढच्या-मागच्या सगळ्या गल्ल्यांतल्या, अगदी रस्त्यापलीकडच्याही बायका येऊन गेल्या होत्या. पदर अडकतो म्हणून काट्यांचं कुंपण एका बाजूला नीट रचून ठेवलेलं. आणि वड कुठे आहे? वडाच्या जागी सुताचा उभा लोड होता. प्रत्येकीने सात फेरे, आणि प्रत्येकीने घट्ट, कारण सैल धागा कोणाला चालेल? कोवळ्या फांद्या खोडाला आवळून बसल्या होत्या, काही मोडून लोंबत होत्या. बुडाशी दूध, गूळ, आंब्याच्या फोडी, आणि त्यावर मुंग्यांची जत्रा. कापूर जिथे जळला होता तिथली पानं करपून काळी झाली होती. कोणाच्याही मनात वाईट नव्हतं. सगळ्यांनी भरभरून प्रेम केलं होतं आणि त्यातच त्याचा जीव चालला होता.

सासूबाई मागच्या खोलीच्या, वडाकडे उघडणाऱ्या खिडकीत होत्या. त्यांनी दिवसभर सगळं पाहिलं होतं.

"आत्या, तुम्ही हाक तरी मारायची!"

"आजच्या दिवशी?" एवढंच त्या म्हणाल्या.

मी तणतणत वहिनींच्या दारात गेले. त्यांना ओढून वडापाशी आणलं. त्यांचंही तोंड उतरलं. "आता काय करायचं हो?"

"काय म्हणजे? कापायचे."

मी घरातून कात्री आणली. वहिनींनी माझा हात धरला. "अहो, काहीतरीच काय! नवऱ्याच्या आयुष्याचे धागे आहेत ते. आजच बांधलेत."

"सूत आहे ते, वहिनी."

"मग कापा की."

मी कात्री उघडली. खोटं कशाला बोलू, माझा हात पुढे जाईना. सगळ्यात आतला, खोडाला लागून असलेला धागा माझा होता. गॅलरीतून माझा नवरा ओरडला, "काप गं, मला काय होतंय!" आणि मी खरंच कात्री पुढे केली तेव्हा तोच म्हणाला, "जरा जपून." तोवर आणखी बायका जमल्या. पुरुषांनी कापावे असं एकीने सुचवलं. वहिनींचे मिस्टर दोन पावलं मागे सरकले. "स्वतःचा धागा स्वतःच्याच हाताने? नको बुवा." शेवटी सगळ्यांनी मिळून ठरवलं, की पावसापाण्याने धागे आपोआप कुजतील आणि गळून पडतील. असा तोडगा निघाला की कोणाच्याच अंगाला काही लागत नाही.

धागे कुजले नाहीत. पानं पिवळी पडायला लागली. रोज सकाळी बुडाशी आणखी पानं पडलेली दिसायची. बायका येता-जाता बघायच्या, च्च च्च करायच्या, पण हात कोणी लावेना. आणि सासूबाई बोलायच्या बंद झाल्या. पाणी घालायला जायच्या, येऊन बसायच्या. एका रात्री जेवताना म्हणाल्या, "उद्याच्या गाडीनं जाते. इथं बसून ह्याला मरताना कशाला पाहू?" नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मला विषय बदलता आला नाही. झाड सोडलं तर या घरात त्यांना धरून ठेवणारं माझ्याकडे काय होतं?

सकाळी मी त्यांचा डबा भरत होते. बाहेरून वहिनींचा आवाज आला, "अगं बाई, आजी काय करतायत?" मी हातातला चमचा घेऊनच धावले.

सासूबाई वडापाशी उभ्या होत्या, प्रवासाचं लुगडं नेसलेल्या, हातात विळा. कॉलनीतल्या निम्म्या बायका आपापल्या गेटात.

"बायांनो," त्या मोठ्याने म्हणाल्या, "तुमची अडचण मला कळली. तुमच्यानं हे व्हायचं न्हाई. तुम्ही घाबरून राह्यल्या, ते बी बराबर हाय. पण मला कसली भीती? माझा धनी गेला. माझं आता काय जायचं राह्यलंय?"

आणि त्यांनी विळ्याचं टोक सुताखाली घातलं.

पहिला थर कट्‌कन सुटला. सासूबाईंनी धागा हातात धरून पाहिला. "हा कोणाचा गं, सगळ्यात जाड? समोरचीचा आसंल." वहिनी गेटात थिजल्या होत्या. "घाबरू नको बाई, तुझ्या नवऱ्याला काही होत न्हाई. एवढा फांदा स्कूटरवर आणला त्यानं, लई दणकट गडी हाय." कोणीतरी फिसकन हसलं. दुसरा थर निघाला. "आन हा बारीक, गाठीगाठीचा? एवढ्या गाठी मारल्या, नवरा पळून जातो का काय गं कोणाचा?" आता हसू आवरेना. मागच्या गल्लीतली एक नवी सून चक्क हात वर करून म्हणाली, "आजी, माझा!" एकेक धागा निघत गेला आणि प्रत्येकीच्या नवऱ्याचा उद्धार होत गेला. शेवटी त्या माझ्या धाग्यापाशी आल्या. "हा माझ्या पोराचा," म्हणाल्या, "ह्याची काळजी मी करते," आणि तोही कापला.

सगळे हसत होते आणि मी चमचा हातात धरून रडत होते. 'माझं काय जायचं राह्यलंय' हे त्या हसत म्हणाल्या होत्या, पण मला ते आरपार लागलं. ज्या कारणासाठी आपण या बाईला दाराआड बसवलं, त्याच कारणाने आज फक्त तिचाच हात मोकळा होता.

सुताचा ढीग झाला. तो कचऱ्यात टाकायचा नाही, असं त्यांनी बजावलं. "कापूसच हाय. आपल्याच शेतातला. मातीत जाईल." वडाच्या आळ्यात त्यांनी तो पसरला, वर माती लोटली, बायकांनी न सांगता पाणी आणलं. गाडीची वेळ केव्हाच टळून गेली. डबा मीच खाल्ला.

खोड जिवंत होतं. पंधरवड्यात आवळलेल्या जागी पुन्हा लाल टोकं दिसली आणि या वेळी ती बघायला सगळी कॉलनी लोटली. चाचा आले, वडाभोवती फिरले, म्हणाले, "आजी, आता काटेबिटे न्हाई चालणार. ऐसी जाळी करून देतो की बैलानं धक्का मारला तरी हलणार न्हाई." खर्च किती, असं विचारलं तर रागावले. जाळी आली ती चांगली जाडजूड सळईची. चौकात लावली असती तर ट्रक अडला असता.

यंदाची वटपौर्णिमा गेल्याच महिन्यात झाली. सकाळी मी उठले तर सासूबाई नेमाने मागच्या खोलीत निघालेल्या. मी काही बोलणार तोच दारावर थाप. वहिनी, पैठणी, नाकात नथ, हातात ताट, आणि मागे सगळी गल्ली.

"आजी, चला बाहेर."

"आज न्हाई बाई. आज तुमचा दिवस."

"मागच्या वर्षी तुम्ही आत बसलात आणि आम्ही काय करून ठेवलं ते पाहिलंत ना?" वहिनींचा आवाज नेहमीसारखाच मोठा होता, पण थोडा हललेला. "कुठे बांधायचं, काय घालायचं, तुम्ही सांगितल्याशिवाय एकही हात लावणार नाही. नाहीतर बसतो अशाच उन्हात."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मुद्दाम दुसरीकडे पाहिलं. मग त्यांनी कोपऱ्यातली काठी घेतली.

काय सण झाला सांगू! "दूध घरी लेकरांना पाजा, इथं पाणी घाला. कापूर लांब, तिकडं भिंतीपाशी. आंबा ठेवला तर परत उचलायचा, अन् खायचा. धागा झाडाला न्हाई, जाळीला." बायकांनी सळईला सूत गुंडाळलं. माझा नवरा म्हणाला, आता कुठे आमची खात्री झाली, सात जन्म जालन्याच्या सळईला बांधलेत, गंजतील पण तुटायचे नाहीत. चाचा दुकानातून ओरडले, गंजणारपण नाहीत, मी रंग मारलाय.

पूजा आटोपली. बायका वाटलेले आंबे खात गप्पा मारत उभ्या होत्या. सासूबाई पुढे झाल्या, तांब्यातलं उरलेलं पाणी बुडाशी घातलं आणि वाकून, जाळीवर एक हात ठेवून, वडाभोवती हळूहळू चालायला लागल्या. एक फेरी झाली. त्या थांबल्या नाहीत. बायका वळून पाहायला लागल्या.

"काय शोधताय आजी?" नव्या सुनेने विचारलं.

"वाळवी लागली का पाहून राह्यले," त्या मान वर न करता म्हणाल्या, आणि चालतच राहिल्या.

वाळवी कुठेच नव्हती, ते सगळ्यांना दिसत होतं. वहिनींनी ताट खाली ठेवलं, पैठणीचा पदर कमरेला खोचला आणि त्याही वाकून वाळवी शोधत त्यांच्या मागे निघाल्या. त्यांच्या मागे मी.